हार्लेमचा भाजलेला हात आणि कोसळणारे चौघे

अ‍ॅमस्टरडॅमहून ट्रेनने हार्लेमला पोचायला फार वेळ लागत नाही. बरेचसे प्रवासी चौकातलं मोठं चर्च आणि फ्रान्स हाल्सची चित्रं बघून परत फिरतात. मी गेले होते हेन्ड्रिक गोल्टझियससाठी. १५५८ साली जन्मलेला हा माणूस तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरायचा. १५८२ मध्ये त्याने याच गावात स्वतःचा छापखाना-प्रकाशनाचा धंदा मांडला आणि इथून ग्रीक-रोमन देवादिकांची छापील चित्रं युरोपभर गेली.

स्पार्ने नदीच्या काठावर टेलर्स म्युझियम आहे. १७८४ सालापासून उघडं असलेलं, नेदरलँड्समधलं सगळ्यात जुनं संग्रहालय. लाकडी कपाटांचा लंबगोल दिवाणखाना, छतातून झिरपणारा उजेड, खाली स्फटिक आणि जुनी यंत्रं. याच संग्रहात गोल्टझियसने १५८८ मध्ये शाईने काढलेला एक उजवा हात आहे, त्याचा स्वतःचाच मानला जाणारा. असे जुने कागद उजेडाने खराब होतात, त्यामुळे ते कायम बाहेर मांडत नाहीत. मी प्रतिकृतीवरच डोळे निववले. तरीही बोटांवरून नजर हलत नव्हती. लहानपणी तो विस्तवात पडला, हात भाजला, शिरा आखडल्या आणि पुढे तळवा कधी नीट उघडलाच नाही, असं त्याच्या ओळखीतल्या चित्रकार-चरित्रकार कारेल व्हान मांडरने लिहून ठेवलंय. चित्रातली बोटंही तशीच आत वळलेली, सांधे फुगलेले.

या हाताने पुढे काय केलं, ते बघायला अ‍ॅमस्टरडॅमला, राइक्सम्युझियमच्या मुद्राचित्र (म्हणजे छापील चित्रांच्या) विभागात. आधी वेळ ठरवून, काय बघायचंय ते कळवून जायचं. शाईचं पेन बाहेर, पेन्सिल आत. मग पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली चित्रं टेबलावर येतात आणि चारशे वर्षांपूर्वीचा कागद आपल्या नाकासमोर, मध्ये काच नाही! कलेची आवड असणाऱ्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी हे करावं असं मला मनापासून वाटतं.

मी मागवले होते कोसळणारे चौघे. सालही तेच, १५८८. टँटलस, इकारस, फेथॉन, इक्सियॉन: चौघांनीही आपली पायरी ओलांडली. टँटलसने देवांना स्वतःच्याच मुलाचं मांस वाढलं. इक्सियॉनने थेट देवराजाच्या बायकोवर डोळा ठेवला. फेथॉन सूर्याचा मुलगा; त्याने बापाचा रथ हट्टाने मागून घेतला आणि घोडे आवरेनात तेव्हा देवराजाच्या वज्राने खाली आला. इकारस बापाने बनवलेले मेणाने जोडलेले पंख लावून सूर्याच्या फार जवळ गेला, मेण वितळलं आणि तो पडला. त्याची गोष्ट वाचताना मला नेहमी आपला संपाती आठवतो. तोही सूर्याकडे झेपावला आणि पंख जाळून बसला, पण धाकट्या जटायूवर सावली धरता धरता. इकारसच्या बापाला, डेडालसला, पोराला वाचवणं जमलं नाही. मला ही ग्रीक गोष्ट त्यामुळे जास्त जड जाते.

मूळ चित्रं हार्लेमच्याच कॉर्नेलिस नावाच्या चित्रकाराची. त्यातली बहुतेक आज उरलेली नाहीत. गोल्टझियसने ती कोरली म्हणून आपल्याला माहीत. प्रत्येक चित्र गोल, कडेने लॅटिन ओळी आणि मध्ये एकच उघडा, धिप्पाड देह. पायाखाली जमीन नाही. हात-पाय फाकलेले, धड पिळवटलेलं, आणि चौघांचा पडण्याचा कोन वेगळा. चारही शेजारी ठेवून बघितली तर पोटात खड्डा पडतो.

मग मी भिंग लावलं. देह नाहीसा झाला, उरल्या नुसत्या रेघा. ब्युरिन नावाचं टोकदार पोलादी हत्यार तळव्याने पुढे ढकलायचं; वळण हवं तेव्हा हत्यारापेक्षा खालचा पत्राच फिरवायचा. जोर दिला की चर खोल आणि रुंद होते, तिच्यात शाई जास्त बसते, कागदावर रेघ जाड उठते. जोर काढला की केसासारखी बारीक. फुगत-निमुळती होत जाणारी ही रेघ गोल्टझियसच्या आधी कॉर्नेलिस कॉर्ट या दुसऱ्याच एका कोरणाऱ्यानेही वापरली होती, पण गोल्टझियसच्या हातात ती मांस होते. मांडीच्या फुगीर भागावर रेघा वळसा घेत जातात, सावलीत एकमेकींना छेदतात, छेदांच्या इवल्या चौकटीत कुठे कुठे एकेक ठिपका. हे काम मनगटापेक्षा खांद्याचं आणि तळव्याचं. आखडलेल्या मुठीत ब्युरिनची मूठ चांगली बसत असावी, असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं.

‘क्युपिड आणि सायकीचं लग्न’ हे १५८७चं चित्रही बघितलं. तीन पत्रे कोरून जोडलेलं, ढगांवर देवांची ही गर्दी. कौशल्य अफाट, पण मी त्यात रमले नाही.

शेवटी मागवला फार्नेसे हर्क्युलिस. १५९०-९१ मध्ये गोल्टझियस इटलीला गेला, रोममध्ये त्याने हा प्राचीन पुतळा बघितला आणि कोरला तो पाठीमागून! गदेवर रेललेला दमलेला वीर, आपल्यासमोर त्याची अवाढव्य पाठ, आणि पाठीशी धरलेल्या उजव्या हातात हेस्पेरिडीज या देवकन्यांच्या बागेतून मोठ्या कष्टाने मिळवलेली सफरचंदं. समोरून बघणाऱ्याला फक्त थकवा दिसतो. तो कशाने आला ते मागे लपलेलं. चित्रात खाली दोन माणसं मान वर करून बघतायत. त्यांना चेहरा दिसतोय, आपल्याला सफरचंदं. हे छापून बाजारात आलं १६१७ साली, गोल्टझियस गेल्यावर. १६००च्या सुमारास त्याने कोरणं सोडून रंग हातात घेतले होते. ती चित्रंही चांगली आहेत, पण या पाठीची सर त्यांना नाही.

तो पुतळा आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिथे जाईन तेव्हा आधी मागच्या बाजूला जाणार.