काजू, आंब्याचे साठ आणि मुठेलाचे चॉकलेट

मे महिन्यात वेंगुर्ल्याच्या घरात चॉकलेट करायला घेणे कठीणच, कारण कोको बटर साधारण 34 अंश सेल्सिअसला वितळते आणि दुपारी आमच्या स्वयंपाकघराचे तापमानही त्याच्या आसपास जाते. तरीही मी ते घरीच करते. बाजारातल्या पुष्कळशा स्वस्त वड्यांत कोको बटरऐवजी दुसरेच वनस्पती तूप आणि जवळजवळ निम्मी साखर असते, आणि ती मुलांच्या रोजच्या खाण्यात यावी असे मला वाटत नाही.

पहिल्या खेपेला मी हापूसच्या ताज्या फोडी वितळलेल्या चॉकलेटमध्ये घातल्या होत्या. पाहता पाहता ते गुळगुळीत मिश्रण आळून गोळा-गोळा झाले, कारण चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे सूक्ष्म कण स्निग्धात तरंगत असतात आणि त्यांना थोडे जरी पाणी लागले तरी ते एकमेकांना चिकटतात. मध किंवा काकवी घातली तरी हेच होते. तेव्हापासून फळ वापरायचे ते फक्त वाळलेले, म्हणजे आमच्याकडे आंब्याचे साठ. साखर न घालता नुसता हापूसचा रस ताटांत ओतून थरावर थर उन्हात वाळवलेले ते साठ मी बोटाच्या पेराएवढे कापते आणि वापरण्यापूर्वी पुन्हा तासभर उन्हात ठेवते. जोडीला बिनमिठाची दोन-तीन कडक वाळलेली आमसुले अगदी बारीक कातरून घालते, म्हणजे कडू चॉकलेटला आंबट धार येते आणि गोडाची उणीव भासत नाही.

पुष्कळ कृतींत खोबरेल तेल सांगितलेले असते, पण ते 24 अंशांच्या आसपासच वितळते, त्यामुळे आपल्या हवेत त्या वड्या फ्रिजबाहेर उभ्याच राहत नाहीत. कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, म्हणजे मुठेल, मात्र 38 ते 42 अंशांपर्यंत घट्ट राहते, आणि युरोपीय संघाच्या नियमांनी चॉकलेटमध्ये कोको बटरबरोबर ज्या सहा वनस्पती स्निग्धांना मर्यादित प्रमाणात परवानगी दिली आहे त्यांत कोकमही आहे. मी पहिल्यांदा मुठेल किसायला घेतले तेव्हा सासूबाई पाहतच राहिल्या. "गो, पायाक लावतत तां पोरांच्या खाऊत घातलंस?" असे त्यांनी विचारले, आणि मग स्वतःच आठवून म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी गरम भातावर मुठेल घालून जेवत असत. खायचे मुठेल स्वच्छ गाळलेले, पांढरट आणि खवट वास नसलेले असावे. भेगांना लावण्यासाठी ठेवलेला जुना गोळा चालणार नाही.

प्रमाण असे: 70 टक्के कोको असलेले डार्क चॉकलेट 200 ग्रॅम, मुठेल 20 ग्रॅम, काजू 80 ग्रॅम, साठ 50 ग्रॅम आणि आमसुले. आमच्या परसातले काजूचे झाड येथील फळ संशोधन केंद्राच्या 'वेंगुर्ला-7' जातीचे आहे, त्याचे गर टपोरे असतात. ते मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजून पूर्ण गार करावेत. चॉकलेट आणि मुठेल गरम पाण्याच्या पातेल्यावर कोरड्या भांड्यात वितळवावे, वाफेचा थेंब आत पडू देऊ नये. मिश्रण 45 ते 50 अंशांपर्यंत गेल्यावर ते ढवळत 28 पर्यंत उतरवावे आणि पुन्हा 31-32 पर्यंत गरम करावे. एवढे सांभाळले तर वडी मोडताना टचकन आवाज येतो आणि वर पांढरा डाग धरत नाही. हे काम मी पहाटे करते, तेव्हाच ते नीट साधते. मग काजू, साठ व आमसुले मिसळून ताटात पसरावे.

या वड्यांत उष्मांक कमी नसतात, हे मनात ठेवावे. काजू आणि कोको बटर दोन्ही स्निग्धच आहेत. फरक पडतो तो साखरेत. 20 ग्रॅमच्या एका वडीत चॉकलेटमधली साखर सुमारे साडेतीन ग्रॅम येते, बाकीचा गोडवा आंब्याचा. मी दिवसाला एकच वडी देते.

वड्या हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवाव्यात, मात्र बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नये, नाहीतर आपल्या दमट हवेचे पाणी त्यांवर सुटते. अर्धा तास थांबून उघडलेल्या डब्यातली वडी मोडली की काळ्या कडेत साठाचा केशरी तुकडा दिसतो, आणि सासूबाई आता तोच तुकडा असलेली वडी चहाबरोबर मागून घेतात.