आठवीचा वर्ग खाडीत

आठवीला मांडवीवर निबंध दिला होता. अठ्ठावीस वह्या तपासल्या. बहुतेकांनी 'जीवनदायिनी' लिहिलं होतं. पण तिचं पाणी दिवसातून दोनदा मागे फिरतं, हे एकाही वहीत नव्हतं. आमची मुलं गोव्यातल्या डिचोलीची. नदी त्यांना पुलावरून दिसते नाहीतर फेरीबोटीतून. वल्हं हातात देऊन यांना पाण्यात उतरवायचं, हे मी त्याच रात्री ठरवलं. प्रत्यक्ष उतरेपर्यंत तीन महिने गेले.

शाळेची परवानगी लगेच मिळाली. अडलं ते पालकसभेत. एक वडील उभे राहिले. "टीचर, कुंभारजुव्यात मगरी आहेत. जबाबदारी कोण घेणार?"

प्रश्न रास्त होता. मांडवी आणि झुआरीला जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी खरोखरच आहेत, हिवाळ्यात सकाळी चिखलावर ऊन खात पडलेल्या दिसतात. म्हणून दोन गोष्टी ठरवल्या. कालव्याकडे फिरकायचं नाही, चोडण बेटाच्या लहान खाडीतच जायचं. आणि मुलांच्या आधी पालकांना होडीत बसवायचं. संमतीपत्रावर सही मागण्यापेक्षा हेच मला खरं वाटलं, आजही वाटतं. नऊ पालक आले, ते वडीलही. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून पंधरा मिनिटं वल्ही मारल्यावर ते आपणहून बोलू लागले. त्यांचं आजोळ बोरीचं. तिथे पौषातल्या अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, मांगे थापणी म्हणतात. "आजी म्हणायची, मगर बांध राखते." सोमवारी त्यांच्या मुलीचं संमतीपत्र सगळ्यांत आधी आलं.

तारीख ठरवताना आमच्या वाटाड्या काकांनी कालनिर्णय मागितलं. पुनव-अमावास्येला उधाण असतं, पाण्याला ओढ फार. मुलांसाठी अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे मंद, भरती बरी. ढोबळ हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा. पहिल्या खेपेला नवमी होती, भरती पावणेसातची, पण बस दीड तास उशिरा आली. तिथून पुढेही वेळ गेला आणि पोचलो तेव्हा खाडीच्या तोंडाशी नुसता चिखल उरला होता. होड्यांना हात न लावता परत फिरलो. दोन मुली रडल्या. मलाही फार वाईट वाटलं.

दोन आठवड्यांनी, जानेवारीत, बस साडेपाचला दारात उभी केली. मयेच्या बाजूने चोडणला पोचलो तेव्हा दव पडत होतं. बारा मुलं, सहा कनू, पुढे-मागे काकांच्या माणसांच्या दोन होड्या. सलीम अली अभयारण्य बेटाच्या पश्चिम टोकाला आहे, आम्ही त्याच्या बाहेरच्या फाट्यात शिरलो. नियम एकच सांगितला होता, पहिला अर्धा तास कुणी बोलायचं नाही.

"सुकती लागली. आता घाई नको," काका हळूच म्हणाले. सुकती म्हणजे ओहोटी.

पाणी उतरू लागलं तशी काठावर तिवराची, या खारफुटीच्या झाडाची, श्वासमुळं उघडी पडली, चिखलात पेन्सिली खोचाव्यात तशी. मग निवट्या दिसल्या. मासाच, पण कल्ल्यांजवळच्या परांवर रेटा देत चिखलावरून सरपटत होता. बोरीवाल्या वडिलांची मुलगी पाण्याला सगळ्यांत जास्त घाबरायची, ती पुढच्या होडीत काकांसमोर बसली होती. काकांनी तिवराचं एक पान वाकवून तिच्यापुढे धरलं. पानावर बारीक पांढरी कणी होती. तिने जिभेचं टोक लावलं आणि नियम मोडून ओरडली, "खारट!" झाड मुळांतून घेतलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं, हे मी विज्ञानाच्या तासाला फळ्यावर लिहिलं होतं. त्यानंतर प्रत्येक होडी तिवराला लागली.

पुढे कांदळ होते. त्यांचं बी झाडावरच रुजतं. लांब हिरव्या शेंगेसारखी रोपं लोंबत होती, एक आमच्यासमोर सुटून पाण्यात पडलं आणि उभंच तरंगत गेलं.

परतताना खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या, बांधापाशी थांबलो. तिथल्या मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणदाराच्या, लाकडी झडपा ओहोटीच्या पाण्याने आपोआप उघडल्या होत्या, शेतातलं पाणी धडधडत खाडीत येत होतं. भरती आली की बाहेरचं पाणीच त्या दाबून बंद करतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. कोरगुट भात याच खाजनांत पिकतं. मुलं तिथून हलायलाच तयार नव्हती, शेवटी मीच घड्याळ दाखवलं.

बसमध्ये मी उरलेल्या सोळा जणांची यादी काढली. मागच्या सीटवरून तिवराचं पान चाखलेली मुलगी म्हणाली, "टीचर, दोन आठवड्यांनी रविवारी सप्तमी आहे. म्हणजे भरती सव्वापाचला. बस आणखी लवकर सांगा."