तुम्ही विचारलंत म्हणून: फोक्सवॅगनची जुनी पोलो जीटी टीएसआय घ्यावी का?

घ्यावी. पण आधी कुठल्या सालची ते बघा, कारण या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या गाड्या विकल्या गेल्या.

चाकणच्या कारखान्यात पोलो २००९च्या अखेरीस बनू लागली. पहिल्या पेट्रोल पोलो दणकट होत्या, पण पिकअप बेताचा. २०१३मध्ये जीटी टीएसआय आली आणि तीच गाडी सुटल्यासारखी धावायला लागली: १.२ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस (म्हणजे साधारण तेवढेच हॉर्सपॉवर), १७५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हा टॉर्क १५०० आरपीएमपासूनच पूर्ण मिळतो, म्हणून खंबाटकीच्या चढावर ट्रकमागून बाहेर पडताना इंजिन पिळावं लागत नाही. २०२०मध्ये बीएस-६ या प्रदूषणाच्या नव्या नियमांसोबत तीन सिलिंडरचं १.० लिटर इंजिन आलं, ११० पीएसचं, आणि ऑटोमॅटिकमध्ये डीएसजीच्या जागी सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर बसला, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा साधा ऑटोमॅटिक. २०२२मध्ये पोलोच बंद झाली.

१.२ घेताय तर सगळं लक्ष डीएसजी गिअरबॉक्सवर ठेवा. त्यात दोन क्लच असतात: एकावर १, ३, ५, ७; दुसऱ्यावर २, ४, ६ आणि रिव्हर्स. दोन्ही कोरडे, म्हणजे उष्णता वाहून न्यायला तेल नाही. ट्रॅफिकमध्ये ब्रेक अर्धवट दाबून गाडी इंच इंच सरकवली की क्लच घसरत राहतो, तापतो आणि पुढे गाडी उचलताना थरथरतो. म्हणून ट्रायल हायवेवर नको, चढावर घ्या. इंजिन गरम झाल्यावर थांबून हळू उचला, मग त्याच चढावर रिव्हर्स घ्या. पुढे जाताना थरथर नाही पण रिव्हर्सला आहे, तर दुसरा क्लच संपत आलाय.

क्लचपेक्षा महाग दुखणं मेकाट्रॉनिकचं. गिअर बदलणारा तेलाचा दाब आणि त्याचा कंट्रोलर याच एका युनिटमध्ये असतात. दाब साठवणाऱ्या भागाजवळ त्याचं घर तडकलं की दाब पडतो, मीटरवरचा गिअरचा आकडा लुकलुकतो, काही गिअर पडतच नाहीत. असं एकदाही दिसलं तर ती गाडी सोडून द्या, किंमत कितीही पाडून मिळाली तरी.

घेतल्यावर सवय एकच लावा: पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून निघा. थांबताना ब्रेक पूर्ण दाबा, म्हणजे क्लच सुटतो. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, हिल होल्ड त्यासाठीच दिलंय. रोज दोन तास शहरातच अडकत असाल तर मात्र १.० ऑटोमॅटिकच घ्या.

इंजिन ऑइलची मुदत १५,००० किलोमीटरची असली, तरी टर्बोसाठी ते ७,५०० ते १०,०००ला बदललेलं बरं. ग्रेड ५डब्ल्यू-४०, आणि डब्यावर फोक्सवॅगनचा ५०२ ०० हा दर्जा हवा. आधीच्या मालकाकडून सर्व्हिसची बिलं मागा आणि ५०२ ०० हा आकडा त्यात शोधा.