फ्रीज झालेलं खातं सोडवताना

माझा मावसभाऊ नांदेडला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा हप्ता खात्यावर जमा झाल्याचा मेसेज आला, पण एटीएममधून पैसे निघेनात. शाखेत चौकशी केली तर ‘तुमच्या खात्यावर सायबरची तक्रार आहे, पोलिसांकडं जा’ एवढंच उत्तर. त्यानं मला फोन केला, “ताई, मी काहीच केलं नाही अन् बँकवाले काही सांगनात.” मी उदगीरची. पुण्यात एका कंपनीच्या एसओसीत, म्हणजे नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या विभागात काम करते. खातं सोडवायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं.

मी त्याला आधी बँकेत लेखी अर्ज द्यायला लावला. तोंडी विचारलं की तोंडीच उत्तर मिळतं, म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची. अर्जात चार गोष्टी मागितल्या: तक्रारीचा पोच क्रमांक, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलीस ठाणं, वादातला व्यवहार कोणता आणि त्याची रक्कम किती. ही माहिती हाती आल्याशिवाय पुढं पाऊलच टाकता येत नाही. सुरुवातीला शाखेतून टोलवाटोलवी झाली, पण अर्जाची पोच हातात होती, त्यामुळं शेवटी उत्तर मिळालं. तक्रार दुसऱ्या राज्यातली, रक्कम चार हजार, आणि तेवढ्यासाठी सगळं खातं बंद.

मग खातेउताऱ्यात तो व्यवहार शोधला. मेसवर ओळख झालेला एक मुलगा म्हणाला होता, ‘तुझ्याकडं कॅश असंल तर दे, मी फोनपे करतो.’ भावानं नोटा दिल्या, पैसे खात्यावर आले, विषय संपला. पण उताऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव त्या मुलाचं नव्हतंच.

हे कसं घडतं ते मी त्याला नीट सांगितलं, कारण कॉलेजमधल्या पोरांना हेच माहीत नसतं. कुणाची फसवणूक झाली की तो 1930 ला फोन करतो किंवा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकतो. 2021 पासूनच्या या यंत्रणेत पोलीस आणि बँका एकमेकांना जोडलेल्या आहेत. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही. पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिथून चार वेगळ्या खात्यांत, असं काही मिनिटांत फिरवतो आणि शेवटी रोख काढतो. तक्रार आली की बँका त्या वाटेवरच्या प्रत्येक खात्यात पैसे अडवत जातात. लुटलेल्या माणसाचे पैसे वाचायचे तर इतकी घाई करावीच लागते, आणि मला ते पटतं. फक्त त्या वाटेवर तिसऱ्या-चौथ्या पायरीला माझ्या भावासारखा, कॅश देऊन यूपीआय घेतलेला पोरगाही सापडतो.

तपास अधिकाऱ्याच्या नावानं आम्ही अर्ज लिहिला. सोबत खातेउतारा, आधार, कॉलेजचं ओळखपत्र, त्या व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक आणि ‘पाठवलेत, बघ’ हा त्या मुलाचा व्हॉट्सअॅप मेसेज. चॅट डिलीट करू नको, हे मी पहिल्याच फोनवर बजावलं होतं. पैसे का आले, बदल्यात काय दिलं, कुणाला दिलं हे अर्जात साध्या भाषेत लिहिलं. मेल पोलीस ठाण्याला आणि त्याची प्रत बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. मागणीही नेमकी ठेवली: वादातले चार हजार होल्डवर राहू द्या, बाकीचं खातं मोकळं करा.

उत्तर लवकर आलं नाही. भाऊ दर दोन-चार दिवसांनी पोच क्रमांक सांगून हिंदीतून फोन करत राहिला. आवाज चढवायचा नाही, हे त्यानं पाळलं. दरम्यान घरची सोयाबीन अजून विकायची होती आणि खोलीचं भाडं थकलं होतं. पुढचा हप्ता तरी अडकू नये म्हणून त्याला इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेत नवीन खातं काढायला लावलं आणि आधार तिकडं जोडून घेतलं. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, त्यामुळं ही सोय फार उपयोगी पडली.

याच काळात ‘खातं अनफ्रीज करून देतो, आधी फी भरा’ म्हणणारे टेलिग्रामवर भेटले. ही दुसरी फसवणूक. पोलीस किंवा बँक यासाठी यूपीआयवर फी मागत नाहीत.

शेवटी अधिकाऱ्यानं बँकेला मेल केला आणि चार हजार सोडून बाकी रक्कम मोकळी झाली. त्या चार हजारांचा निर्णय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली न्यायालयातून होऊ शकतो. तिकडं ज्याची लूट झाली, त्याचाही त्या पैशांवर हक्क आहे.

मेसवरचा तो मुलगा नंतर गायब झाला. पण भावाच्या ओळखीतल्या दोघातिघांनी सांगितलं की त्यांनाही विचारणा झाली होती: पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम द्या, महिन्याला पैसे घ्या. असं भाड्यानं दिलेलं खातं म्हणजे म्यूल अकाउंट. ती खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं म्यूलहंटर नावाची प्रणाली बनवली आहे. खात्यावर नाव पोराचं असतं, त्यामुळं पोलीस आधी त्याच्याच दारात येतात. आयटी कायद्याच्या 66 ड कलमात तोतयेगिरी करून केलेल्या ऑनलाइन फसवणुकीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पोरगं जेमतेम विशीतलं, घरचे शेतात राबणारे. मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

हे सगळं बघून भावाच्या रूमवरची पोरं मला विचारू लागली की सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात यायचं कसं. मी त्यांना माझ्या मुलाखतीतला प्रश्न सांगते. विंडोजच्या लॉगमध्ये, म्हणजे संगणक स्वतः ठेवतो त्या नोंदवहीत, 4625 क्रमांकाच्या नोंदी ओळीनं दिसल्या आणि लगेच 4624 दिसली, तर काय समजशील? पहिली फसलेल्या लॉगिनची, दुसरी यशस्वी लॉगिनची. म्हणजे कुणी पासवर्ड लावून बघत होतं आणि बहुतेक आत शिरलं, हे ओळखता आलं पाहिजे. त्यासाठी नेटवर्किंग आणि लिनक्स पक्कं लागतं. नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं वायरशार्क आणि लॉगवर नजर ठेवणारं वाझू, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. लॅपटॉप कमी ताकदीचा असेल तर ट्रायहॅकमी या सरावाच्या वेबसाइटवरच्या लॅब ब्राउझरमध्येच चालतात. सीईएच या एथिकल हॅकिंगच्या प्रमाणपत्रासारख्या महागड्या परीक्षेची फी घरच्यांकडून लगेच मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पात्रतेत बसणारी पदवी असेल तर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या सी-कॅट परीक्षेतून डीआयटीआयएसएस हा सुरक्षेचा डिप्लोमा करता येतो. आणि सराव स्वतःच्या लॅबवरच. कॉलेजची वेबसाइट परवानगीशिवाय तपासून बघणं हाही गुन्हा ठरू शकतो.

मावशीला मात्र एकच विचारायचं होतं, रात्रपाळी असते का. असते, सुरुवातीला हमखास. मी तिला माझ्या पाळ्यांचं वेळापत्रक पाठवलं आणि भावाला वाझूची पहिली लॅब लावून दिली.