गोल्फच्या हिरवळीवरून आलेला माणूस आणि चोपण रान

सोलापुरात माती परीक्षणाच्या कामात ऊसवाल्यांचे खारवट नमुने रोजचेच. कॅनॉलचं पाणी आलं, वर्षानुवर्षं पाटानं दिलं, खालून निचरा नाही. पाणी उडून जातं आणि क्षार वर येऊन बसतात. मोहोळकडचे एक काका मात्र मुलाला घेऊन आले, तो दिवस वेगळा ठरला.

मुलगा काही वर्षं अबुधाबीत होता, समुद्रालगत तिवरांच्या दलदलीशेजारच्या गोल्फ कोर्सवर गवताच्या देखभालीला. पैसे भरून कुणीही खेळावं असं मैदान. तिथं सीशोर पास्पालम नावाचं गवत लावतात, ते खारं पाणी पचवतं. “पण मॅडम, गवत नंतर. आधी खाली निचऱ्याचे पाइप, त्यावर चार इंच खडी, मग फूटभर वाळू. मीठ साठलं की भरपूर पाणी सोडून खाली धुऊन काढायचं.” त्याला वडिलांच्या रानात हेच करायचं होतं, पहिल्याच पावसात बांध घालून.

तिथल्या वाळूसाठी विचार शंभर टक्के बरोबर होता, आणि म्हणूनच मला धास्ती वाटली. नमुन्याचा ईसी, म्हणजे मातीतल्या क्षारांचं माप, ६ आला होता, ४ च्या वर गेला की जमीन खारवट. पण विनिमय सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटून बसलेला सोडियम, तोही १५ टक्क्यांच्या वर होता, आणि अशी जमीन चोपण. म्हणजे नुसती खारवट नाही, खारवट-चोपण.

तोंडी सांगून पटलं नसतं. दोन काचेचे ग्लास घेतले. एकात त्यांनी आणलेलं बोअरचं पाणी, दुसऱ्यात डिस्टिल्ड. दोन्हींत त्यांच्याच रानातलं वाळलेलं ढेकूळ हळूच सोडलं. बोअरच्या पाण्यात ढेकूळ फुटलं, पण पाणी नितळ राहिलं. दुसऱ्यात मात्र कडेनं धूर निघावा तसा गढूळपणा पसरत गेला, आणि चहा होईपर्यंत ढेकूळ दिसेनासं झालं.

पोरगा वाकून बघत राहिला. “पावसाचं पाणी पण असंच की हो.”

तेच तर! पाण्यातलं मीठ चिकणमातीला धरून ठेवतं. गोड पाण्यानं मीठ गेलं आणि सोडियम मागं राहिला, की कण सुटे होऊन छिद्रं बुजतात, मग पाणी वरच तुंबतं. वाळूला ही अडचण नाही, आपल्या काळ्या मातीला आहे. म्हणून आधी जिप्सम मातीत मिसळायचं, त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, धुणं त्यानंतर.

काका म्हणाले, “जिप्सम गेल्या साली टाकलं की ताई, काय फरक नाही.” निचऱ्याचे चर होते का विचारलं. नव्हते. सुटलेला सोडियम जाणार कुठं? इथं मुलाचं ज्ञान सोन्यासारखं होतं. उतार किती, पाइपाभोवती गाळणी काय, तोंड कुठं काढायचं, त्यानं माझ्याच वहीत आखून दाखवलं. निचऱ्याबद्दल इतकं नेमकं बोलणारा शेतकरी मला क्वचितच भेटलाय.

अडचण एकच उरली. ओढ्यापर्यंत चर न्यायचा तर मधे चुलत्यांचं रान, आणि बोलणं बंद. त्यांचंही रान खालच्या अंगाला पांढरं पडलंय असं कळल्यावर मी म्हटलं, त्यांचा नमुना घेऊन या, दोन्ही रिपोर्ट एकत्र समोर ठेवू.