रॉन मिडल्टन, तुरिनहून परत येताना

आज २८ नोव्हेंबर. १९४२ साली याच रात्री रॉन मिडल्टन हा ऑस्ट्रेलियन पायलट इंग्लंडच्या लेकनहीथ तळावरून स्टर्लिंग बॉम्बर घेऊन निघाला, इटलीत तुरिनच्या फियाट कारखान्यावर हल्ला करायला. वय २६. सिडनीत जन्म, शिक्षण डब्बो गावात, मग वडील मॅनेजर होते त्या मोठ्या फार्मवर काम, आणि १९४० मध्ये एअर फोर्समध्ये भरती. ही त्याची २९वी मोहीम होती, ३० झाल्या की ड्युटीतून सुटका. एकच राहिली होती हो, हे वाचलं की अजून पोटात कालवतं.

स्टर्लिंग हे विमान उंची गाठायला फार कुरकुर करायचं. त्या रात्री जेमतेम १२,००० फुटांवर गेलं, आणि आल्प्समधलं मों ब्लां शिखरच १५,७०० फुटांच्या वर, म्हणजे मिट्ट काळोखात शिखरांच्या मधून वाट काढत जायचं, त्यात इंधन भसाभस जळतंय. तरी तुरिनला पोचल्यावर त्याने बॉम्ब कुठेतरी टाकून पळ काढला नाही, कारखाना नक्की कुठला ते कळेपर्यंत २,००० फुटांवर उतरून तीन चकरा मारल्या. खाली शहरात माणसंच होती हे मी विसरत नाही, म्हणून तर त्या तीन चकरा मला महत्त्वाच्या वाटतात.

तेवढ्यात तोफेचा गोळा कॉकपिटमध्ये फुटला. समोरची काच गेली, मिडल्टनचा उजवा डोळा गेला, त्याच्या वरचं हाड उघडं पडलं. तो बेशुद्ध झाला आणि विमान कोसळत ८०० फुटांवर आलं, तिथून सेकंड पायलटने ते सावरलं, तोही डोक्याला आणि दोन्ही पायांना जखमा होऊन रक्तबंबाळ झालेला, तरी बॉम्ब त्यानेच टाकले. मिडल्टन शुद्धीवर आल्या आल्या त्याने काय केलं तर सेकंड पायलटला मलमपट्टीसाठी मागे पाठवलं आणि स्वतः कंट्रोल हातात घेतले.

इथून पुढचं मला सगळ्यात मोठं वाटतं. फ्रान्समध्ये उतरता आलं असतं किंवा सगळ्यांना वाटेतच उड्या मारायला सांगता आलं असतं, पण मग पोरं जर्मनांच्या कैदेत गेली असती. त्याने ठरवलं, इंग्लंडचा किनारा गाठायचाच, म्हणजे पोरांना आपल्या जमिनीवर उतरता येईल. आपण स्वतः यातून वाचणं अवघड आहे हे त्याला माहीत होतं. नीट दिसत नाही, बोललं की प्रचंड वेदना आणि आणखी रक्त जातंय, फुटक्या काचेतून वारा तोंडावर येतोय, आणि असे चार तास, आल्प्स पुन्हा ओलांडून. फ्रान्सच्या किनाऱ्यावर परत तोफा लागल्या तर तशाही अवस्थेत विमान वळवून वळवून चुकवत राहिला!

इंग्लिश खाडी ओलांडली तेव्हा पाच मिनिटांचं इंधन उरलं होतं. किनाऱ्याला समांतर उडवत त्याने क्रूला उड्या मारायला सांगितलं. पाच जण उतरले आणि वाचले. फ्रंट गनर मॅकी आणि फ्लाइट इंजिनिअर जेफ्री मात्र त्याच्या मदतीला मागे थांबले, विमान समुद्रात पडलं आणि तिघेही गेले.

त्या दोघांचे मृतदेह दुसऱ्या दिवशी सापडले. मिडल्टनचा १ फेब्रुवारी १९४३ ला डोव्हरच्या किनाऱ्याला लागला, त्याच्या आधी जानेवारीतच त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान, जाहीर झाला होता, दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन हवाई दलाच्या माणसाला मिळालेला पहिला. त्याची कबर इंग्लंडमध्येच सफोकमधल्या बेक रो गावात चर्चच्या आवारात आहे, घरापासून इतकी लांब. त्याचं शौर्य वादातीत आहे, पण मॅकी आणि जेफ्री यांनाही उडी मारायची मुभा होती, ऑर्डरच होती खरंतर, तरी ते थांबले. म्हणून मिडल्टनची आठवण काढताना मी ही दोन नावंही घेतो, तुम्हीही घ्या.