ओरिजिनल ओलिओग्राफ

बडोद्यात रावपुऱ्यातल्या जुन्या घराला रंग काढायचा म्हणून परवा दुपारी देवघरातली लक्ष्मीची तसबीर उतरवली. काच फुटेल म्हणून आधी ती काढली, आणि सहज बोट फिरवलं तर कागद चक्क खरखरीत. ब्रशचे फटकारे लागावेत तसं. आहे मात्र छापील.

ह्यालाच ओलिओग्राफ म्हणतात. लॅटिनमधलं तेल आणि ग्रीकमधलं लिहिणं जोडून केलेला शब्द, म्हणजे नावापासूनच ऑइल पेंटिंगचं सोंग. एकेका रंगाला छपाईचा वेगळा दगड, तो एकावर एक छापायचा, मग दाब देऊन कॅनव्हाससारखे उंचवटे उठवायचे आणि वर व्हार्निश. केवढी ती खटपट, खोटं खरं दिसावं म्हणून!

राजा रविवर्म्याला हे सुचवलं ते टी. माधवरावांनी. तंजावरचे मराठी, १८८२ पर्यंत आपल्या बडोद्याचे दिवाण. १८८४ मध्ये त्यांनी पत्र लिहिलं की मागणी एवढी आहे, तुमचे दोन हात कुठं पुरणार, निवडक चित्रं युरोपात पाठवून ओलिओग्राफ करून घ्या. पुढं १८९४ ला रविवर्म्याने प्रेस काढला तो मुंबईतच, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला नेला.

आमच्या आजीला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने लक्ष्मीच्या साडीचे काठ खळ लावून खऱ्या जरीने मढवले होते आणि नाकात बारीक मोती चिकटवला होता, तो एका बाजूला जरा घसरलाय, त्यामुळे देवीला कायम सर्दी झाल्यासारखी दिसते. लहानपणी आरतीत माझं लक्ष फक्त त्या मोत्याकडे. अजूनही असतं म्हणा.

सयाजीरावांनी रविवर्म्याकडून १४ पौराणिक चित्रं काढून घेतली होती, आणि राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये त्याची अस्सल चित्रं लागलेली आहेत. पाहुणे आले की मी हौसेने नेते. सुंदरच आहेत, वादच नाही, पण तिथं हात मागे बांधून उभं राहावं लागतं आणि जरीचे काठ कुणी लावलेले नाहीत, मला जरा उघडीबोडकीच वाटतात.

भावाने फोटो काढून कुणाला तरी पाठवला. म्हणे ओरिजिनल ओलिओग्राफ असेल तर किंमत येते, हल्ली त्याच्याही नकला निघाल्यात. ओरिजिनल नक्कल! मी हसत सुटले, तो मात्र सिरीयस. पण विकायची बात सोडाच, तसबीर आमच्या वाटणीची की आत्याच्या ह्यावरचं भांडण अजून मिटलेलं नाहीये.